तांड्यासाठी एक काल्पनिक नाव

एखाद्या गावावर अभ्यासग्रंथ लिहिला आणि त्यात गावाचे खरे नाव न छापता काल्पनिक नाव छापले, तर गाव खरोखर लपते का? आणि अशा लपवण्याने कोणाचे काही बिघडते का? या दोन प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी मी हा अनुभव लिहीत आहे. प्रश्न सोपे वाटतात. मलाही ते तसेच वाटत होते. ते अवघड वाटू लागले त्या क्षणी मी उमरखेड तालुक्यातल्या एका बंजारा तांड्यात, कडुनिंबाखाली टाकलेल्या बाजेवर बसले होते. माझ्या हातात प्रूफचे लांबलचक कागद होते, आणि तांड्याचे नायक हरसिंग यांनी डोक्यावरचे पागोटे काढून माझ्यापुढे ठेवले होते.

"हे घ्या बाई," ते म्हणाले. "ज्याचं नाव छापलं, त्याच्या डोक्शाले बांधा."

हे कसे घडले, ते क्रमाने सांगते.

साठीच्या दशकाची मधली वर्षे होती. यवतमाळात आमची एक छोटी संशोधन संस्था होती. त्याआधी मी हायस्कूलमध्ये भूगोल शिकवत असे. मग या संस्थेत सहायक संपादक म्हणून आले. खेड्यांत होणाऱ्या बदलांवरचे अभ्यास आम्ही प्रसिद्ध करत असू. एखाद्या गावाला रस्ता झाला, सोसायटी निघाली, शाळा उघडली, तर माणसांच्या राहणीत आणि परस्परसंबंधांत नेमके काय बदलते, हा त्या अभ्यासांचा विषय. अभ्यासक गावात जाऊन राहतो, विचारतो, पाहतो. याला फील्डवर्क म्हणतात. मग तो लिहितो. त्याचे लिखाण तपासून, नीट लावून छापणे, हे आमचे काम.

या कामात दोन नियम होते. पहिला नियम सर्वत्र पाळला जातो. गावाचे आणि माणसांचे खरे नाव छापायचे नाही. लोक अभ्यासकाला विश्वासाने पुष्कळ काही सांगतात. छापील पुस्तकामुळे त्यांना त्रास होऊ नये. म्हणून गावाला काल्पनिक नाव द्यायचे आणि माणसांना 'अ', 'ब', 'क' अशी अक्षरे.

दुसरा नियम आमच्या मुख्य संपादकांचा स्वतःचा होता. आम्ही त्यांना नुसते 'सर' म्हणत असू. त्यांचे म्हणणे असे, की ज्यांच्यावर पुस्तक लिहिले, त्यांना ते छापण्यापूर्वी वाचून दाखवले पाहिजे. तेही हस्तलिखित नव्हे, गॅली प्रूफ. छपाईचे खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरे, जुळवून झाले, की पाने पाडण्याआधी मजकूर लांब पट्ट्यांवर छापून तपासायला देतात. त्या पट्ट्या म्हणजे गॅली. सर म्हणत, "हाताने लिहिलेले वाचले तर लोक माना डोलावतात. छापील कागद दिसला, की कान टवकारतात."

नागपूरच्या प्राध्यापक घाट्यांनी या तांड्याचा अभ्यास केला होता. बंजारा समाजातले हे लोक पूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून दूरदूर नेत. रेल्वे आली, सडका झाल्या, तो व्यवसाय गेला. मग ते टेकडीच्या पायथ्याशी स्थिर झाले आणि कापूस, तूर, ज्वारी पेरू लागले. हा बदल घाट्यांनी फार चांगला टिपला होता. अडचण एकच. तांड्याची काही शेते जंगलखात्याच्या हद्दीत शिरली होती, आणि घाट्यांनी तसे प्रामाणिकपणे लिहिले होते. खरे नाव छापले असते, तर रेंजरसाहेब पुस्तक काखेत मारून तांड्यात हजर झाले असते. म्हणजे नाव लपवणे येथे शोभेचे नव्हते, गरजेचे होते. (आता तो धोका उरलेला नाही, म्हणून तांड्याला विचारूनच मी येथे खरी नावे लिहीत आहे.)

घाट्यांनी माणसांना अक्षरे दिली, आणि तांड्याच्या नावाची जागा कोरी सोडली. नाव संपादकांनी द्यावे, असा आमचा रिवाज होता.

"बाई," सरांनी विचारले, "तांड्याला नायकाच्या नावाने ओळखतात ना?"

"हो सर."

"मग एखादे सुटसुटीत नाव हवे. जोडाक्षर नको, कंपोझिटर कुरकुरतो. 'थावरा' कसे वाटते? थावरा नायक तांडा."

"ओळखीचे वाटते."

"तेच पाहिजे. ओळखीचे वाटावे, पण ओळखीचे नसावे."

वाक्य मला इतके आवडले, की मी ते मनात जपून ठेवले. नाव सर्व ठिकाणी जुळवले गेले. गॅली आमच्या निघण्याच्या सकाळीच प्रेसमधून आल्या. घाटे परस्पर उमरखेडच्या मोटार स्टँडवर भेटले. त्यामुळे तांड्याला कोणते नाव मिळाले आहे, हे त्यांनी पहिल्यांदा ऐकले ते तांड्यातच, सर्वांबरोबर.

वाचनाला चांगली गर्दी जमली होती. हरसिंग नायक मध्यभागी बसले होते: उंच, रुंद खांद्यांचे, कमी बोलणारे. त्यांच्या पत्नी, ज्यांना सगळे नायकण म्हणत, बायकांच्या घोळक्यात पुढे होत्या. मी वर्गात वाचते तसे सावकाश, स्पष्ट वाचायला सुरुवात केली.

"थावरा नायक तांडा हा टेकडीच्या दक्षिण पायथ्याशी वसलेला आहे."

घाटे खोकले. मी थांबून त्यांना पाणी दिले.

"थावरा नायक तांड्यातील कुटुंबे मुख्यतः कापूस पिकवतात."

घाटे पुन्हा खोकले, या वेळी डोळे मोठे करून. तेवढ्यात मागच्या बाजूला हशा पिकला. एक सडपातळ, मिशीवाला माणूस उठून उभा राहिला.

"हाव, वाचा बाई, वाचा!" तो आनंदाने म्हणाला. "एकदम बराबर लिवलं तुमी."

घाटे माझ्या कानाशी आले. "बाई, हा 'ब'."

येथे वाचकांना 'ब' कोण ते सांगितले पाहिजे. घाट्यांच्या लिखाणात 'अ' म्हणजे नायक, आणि 'ब' म्हणजे नायकांचा चुलतभाऊ. या 'ब'ला वाटत होते, की नायकी आता आपल्याकडे यावी. नाहीतर आपल्या बाजूची घरे घेऊन नाल्यापलीकडे वेगळा तांडा करावा. निम्मा तांडा त्याच्या बाजूला झुकलेला होता. हे सारे प्रकरण आम्ही संस्थेत वाचले होते. वाचले नव्हते ते फक्त 'ब'चे खरे नाव, कारण ते नियमाप्रमाणे लपवलेले होते.

त्याचे खरे नाव थावरा होते.

आपल्या गावांची रीत वेगळी असते. गावाचे नाव गावाचे असते. पाटील बदलला म्हणून ते बदलत नाही. या तांड्याची रीत तशी नव्हती. नायक हयात असेपर्यंत तांडा त्याच्या नावाचा. नायक बदलला, की नाव बदलते. तेव्हा तांड्याला काल्पनिक नाव देणे म्हणजे त्यांच्या लेखी नाव देणे नव्हते, नायक नेमणे होते. तो नेमताना आम्ही संपूर्ण तालुक्यातून नेमका तोच माणूस निवडला होता, जो हरसिंगांना मुळीच चालणार नव्हता.

"कवापासून ठरलं हे?" हरसिंगांनी मला शांतपणे विचारले. शांतपणा चांगला नव्हता.

"नायक, हे खोटे नाव आहे," मी म्हणाले. "नुसते लपवण्यासाठी."

"खोटं?" थावरा मागून ओरडला. "मी काय खोटा हाओ? हा पाहा, जित्ताजागता उभा हाओ!"

"तू बस रे!" नायकण कडाडल्या. "कागद पाहून फुगून राह्यला."

"कागद नाही वैनी, छापील हाय! यवतमाळाहून छापून आलं. आता नाल्यापल्याड गेलो तं तांड्याचं नाव संगं घेऊनच जातो."

त्याच्या बाजूची माणसे पुन्हा हसली. पण काही हसली नाहीत. ती विचारात पडली, आणि हरसिंगांना तेच दिसले. तेव्हा त्यांनी पागोटे काढले आणि आरंभी सांगितलेले वाक्य उच्चारले. मग थावरा खाली बसला. रागात बोललेले विसरता येते. काढलेले पागोटे तसेच पुढे पडून राहते. ते आपल्या हाताने उचलून परत बांधणे त्यांना शोभले नसते, आणि दुसऱ्या कोणी पुढे यावे तर कोण येणार?

मी गॅली गुंडाळल्या. शाळेत असताना मला एक गोष्ट कळली होती: वर्ग बिथरला, की धडा पुढे रेटू नये, फळ्यावर नवे उदाहरण घालावे. मी म्हणाले, "नायक, हे नाव आज येथेच रद्द झाले. ते छापले जाणार नाही. दुसरे कोणते छापावे, ते आपण सगळे मिळून ठरवू."

"ठरवाचं काय त्यात?" हरसिंग म्हणाले. "मायं नाव टाका. माया तांडा, मायं नाव."

घाट्यांनी त्यांना जंगलाच्या हद्दीतल्या शेतांची आठवण करून दिली. आता घाटे खोकत नव्हते. हरसिंगांनी टेकडीकडे पाहिले. त्या शेतांपैकी एक त्यांचे स्वतःचे होते.

"मंग नोको," ते म्हणाले.

मी सुचवले, की तांड्यालाही अक्षर द्यावे. 'क' तांडा.

"क म्हंजे कोन?" एका म्हाताऱ्याने विचारले.

"कोणी नाही, आजोबा."

"म्हंजे बिननायकाचा? बेवारशी?" म्हातारा बाकीच्यांकडे वळला. "आयका! कोंडवाड्यातल्या ढोरावानी झालं हे."

'क' तेथेच बाद झाला. मी 'पळसतांडा' सुचवले. टेकडीवर पळस भरपूर होता, नाव ऐकायला गोड होते. हरसिंगांनी मान हलवली. "तांडा मानसाचा असते बाई, झाडाचा नाही. झाड काय पंचायतीत बसते?" मग घाट्यांनी 'लछमन नायक' सुचवले. ते नायकणींचे सख्खे व्याही निघाले, दिग्रसच्या बाजूचे. 'रामधन' सुचवले, तर तो दारव्ह्याकडच्या एका तांड्याचा नायक निघाला आणि त्याच्याशी यांचे बैलांवरून बोलणे बंद होते. काल्पनिक माणूस शोधणे किती कठीण असते, हे मला त्या दुपारी समजले. प्रत्येक नावाला कोठेतरी हात, पाय आणि नातेवाईक होते.

एव्हाना गूळ घातलेला काळा चहा आला होता, आणि लोकांना या खेळाची गोडी लागली होती. कोणीही नाव सुचवावे आणि बाकीच्यांनी ते नाव जिवंत करून दाखवावे. हसत नव्हते ते फक्त हरसिंग, उघड्या डोक्याने बसलेले.

त्यात थावराला पुन्हा जोर चढला. "एवढं काय नावाचं घेऊन बसले भाऊ?" तो हरसिंगांना म्हणाला. "तुयं नाव तरी कुठं पह्यलंपासून व्हतं? सोमला आजाच्या टायमाले हा सोमला नायकाचाच तांडा व्हता ना? तवा तुले कोन ओळखत व्हतं?"

"अन् तुले?" हरसिंग म्हणाले. "तुले तं आताबी कोन ओळखते?"

"मंग आजाचंच नाव द्या ना," नायकण चहाची वाटी खाली ठेवत म्हणाल्या. "तुमचाबी आजा तोच, याचाबी आजा तोच. अन् आजा काही पागोटं मागाले येत नाही आता."

मोठा हशा झाला. मी मात्र हसले नाही. मी मनात तपासत होते. सोमला नायक हे दोघांचे आजोबा. कित्येक वर्षांपूर्वी वारलेले. त्यांच्या काळी तांडा बैलांसह फिरत होता; जंगलखात्याच्या कागदांत त्या नावाची जागा असण्याचा संभव नव्हता. नाव खोटे नव्हते, त्यामुळे कोणाचा अपमान नव्हता. नाव आजचे नव्हते, त्यामुळे कोणाला सापडणार नव्हते. मी फक्त एक प्रश्न विचारला, कारण त्या दिवशी मी तो विचारायला शिकले होते.

"आज या तांड्यात सोमला नावाचे कोणी जिवंत आहे का?"

मग सगळ्यांच्या माना हळूहळू थावराच्या बायकोकडे वळल्या. तिच्या कडेवर एक गुटगुटीत मूल होते, जेमतेम चालायला शिकलेले.

"हा," ती ओशाळून म्हणाली. "याचंच नाव सोमला ठेवलं आमी. आजाचं."

"पाहा!" हरसिंग उसळले. "पाहा बाई याचा डाव! बापाचं नाव गेलं तं पोट्ट्याचं घुसवलं!"

"माया कायचा डाव? वैनीनं सांगतलं!" थावरा खरोखर घाबरला होता. "मले तं आठोलंबी नाही!"

मग हरसिंग उठले. त्यांनी बाजेवरचे पागोटे उचलले, थावराच्या बायकोसमोर गेले आणि ते जसेच्या तसे त्या मुलाच्या डोक्यावर ठेवले. "घे," ते म्हणाले. "तूच हो नायक. आमा दोघायच्या कटकटीतून सुटतो तांडा."

पागोटे मुलाच्या डोळ्यांवरून थेट हनुवटीपर्यंत उतरले. आतून अशी किंकाळी आली, की कडुनिंबावरचे पक्षी उडाले. मुलाने दोन्ही हातांनी पागोटे ओढून टाकले. ते जमिनीवर पडणार, तोच थावराने झेलले.

पागोटे हातात घेऊन तो उभा राहिला. सगळे त्याच्याकडे पाहत होते. निम्मा तांडा त्याच्या बाजूचा होता आणि पागोटे त्याच्या हातात होते. त्याने ते झटकले, घडी नीट केली आणि हरसिंगांच्या डोक्यावर ठेवले.

"घे भाऊ," तो म्हणाला. "माया पोट्ट्याले मोठं व्हते."

"तुलेबी मोठंच व्हईन," हरसिंग म्हणाले. पण ते हसत होते.

त्यानंतर मी उरलेला मजकूर वाचला, दर वेळी 'थावरा'च्या जागी 'सोमला' म्हणत. आक्षेप आणखी एकच आला. 'आता स्त्रियाही शेतात कामाला जातात' असे वाक्य होते. नायकणींनी विचारले, "मंग पह्यले आमी काय झोपून व्हतो? बैलं कोन हाकलत व्हतं?" घाट्यांनी 'आता' हा शब्द खोडला आणि समासात कारण लिहून ठेवले.

यवतमाळला परतल्यावर मी सरांना सर्व क्रमाने सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"नवे नाव किती अक्षरी?"

"तीन, सर. जोडाक्षर नाही."

"म्हणजे ओळी सरकणार नाहीत." ते प्रसन्न झाले. खिळ्यांच्या छपाईत लांब नाव घातले तर शब्द पुढच्या ओळीत ढकलले जातात आणि परिच्छेदच्या परिच्छेद पुन्हा जुळवावे लागतात. तो त्रास वाचला. मग त्यांनी विचारले, "आणि तो थावरा? नाल्यापलीकडे गेला?"

"अजून तरी नाही."

तो पुढेही गेला नाही. निदान मी त्या कामात होते तोवर तांडा एकच राहिला. पुस्तक प्रसिद्ध झाले. रेंजरसाहेब आले नाहीत. एका मोठ्या शहरातल्या विद्वानांनी मात्र सोमला नायक तांड्याला भेट देण्याची इच्छा कळवली, आणि तो नकाशात कोठेच सापडत नाही अशी तक्रारही केली. सरांनी ती तक्रार संस्थेला मिळालेले प्रशस्तिपत्र मानले. तांड्याला पुस्तकाची प्रत पाठवली, तेव्हा निरोप आला, की छपाई चांगली आहे, पण आजाबद्दल फारच थोडे लिहिले आहे.

आता आरंभीच्या प्रश्नांकडे. गाव लपते का? बाहेरच्यांपासून लपते, आतल्यांपासून कधीच नाही. कोणाचे काही बिघडते का? बिघडू शकते, कारण नाव हे सगळीकडे एकच काम करत नाही. कोठे ते केवळ ठिकाण सांगते, कोठे ते कोणाचा शब्द चालतो हे सांगते. आपण जे नाव रिकामे समजून उचलतो, त्यात कोणीतरी राहत असण्याचा संभव असतो. तेव्हा काल्पनिक नाव देण्यापूर्वी, ज्यांना ते द्यायचे त्यांना विचारावे. यात एक दुपार जाते आणि चहा बराच प्यावा लागतो, इतकेच.

हे सर्व मी एका तांड्याच्या अनुभवावरून लिहिले आहे, आणि एका उदाहरणावरून नियम सिद्ध होत नाही, हे मी विद्यार्थ्यांनाही सांगत असे. म्हणून वाचकांना विनंती अशी: आपल्या जवळच्या तांड्यात जा, त्याचे नाव विचारा, ते नाव कोणाचे आणि त्याआधी कोणते होते तेही विचारा, आणि माझे म्हणणे बरोबर आहे की नाही, हे स्वतः तपासून पाहा.